घरात कोणी नाही

आई : हळू बोल गं. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.

मुलगी : परत? मी आंघोळीला गेले तेव्हाही बाबा झोपलेलेच होते.

आई : मध्ये उठले होते. म्हणजे डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, दोन घास घेतले आणि पुन्हा मिटले. हल्ली असंच चाललंय. झोप म्हणवत नाही आणि जागही म्हणवत नाही.

मुलगी : अर्धांगानंतर थकवा राहतोच, डॉक्टर म्हणाले होते. आणि आई, हे तू काय चालवलंयस?

आई : काय चालवलंय?

मुलगी : हात. मघापासून डोक्यावर हात हलवत बसलीयस. ज्या घराची खिडकीच उघडत नाही, तिथे माशी येणार कुठून?

आई : माशा नाही वारत. घराला सांगतेय, आम्ही आहोत म्हणून.

मुलगी : घराला?

आई : हसू नकोस. जरा हात मांडीवर ठेवला की ती छताखालची झडप बंद होते, हवा थांबते आणि काचेवरचा पडदा आपोआप वर जातो. मग ऊन थेट यांच्या तोंडावर. परत हात हलवले की घर जागं होतं. खांदा धरलाय माझा. बघ, हात लावून बघ.

मुलगी : असं होऊच शकत नाही. झडप बंद होते ती खोली रिकामी असली तरच. तेच तर माझं सगळं काम आहे ना आई? माणूस असेल तिथे हवा, माणूस असेल तिथे गारवा. नसेल तिथे काडीचीही उधळपट्टी नाही. उलट रिकाम्या खोलीनं ऊन कोंडून ठेवायचं आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापवायचं.

आई : पाठ झालंय मला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हेच तर सांगत असतेस.

मुलगी : मग?

आई : मग मी इथे बसलेली तुझ्या घराला दिसत नाही, त्याला मी काय करू? बसून बसून मीही खुर्ची झाले असेन.

मुलगी : दिसत नाहीच. कॅमेरा नाही ठेवलेला मुद्दाम. लोकांच्या घरात डोकवायचं नाही असं ठरलंय आमचं. त्याला फक्त हालचाल कळते. अगदी बारीकसुद्धा. तू नुसती सुई ओवलीस तरी कळते.

आई : पूर्वी कळायची. खरंच सांगते, आलो तेव्हा या घरासारखं घर नव्हतं. मी म्हटलं, पोरीनं पांग फेडले. बाहेर आग ओकतंय आणि आत गारवा, तोही आवाज न करता. गेल्या काही दिवसांपासून मात्र त्याचं डोकं फिरलंय. मी काजं करत बसते तर तिकडे सगळं बंद. स्वयंपाकघरात जरा रेंगाळले की इकडे यांच्या खोलीची भट्टी.

मुलगी : तू नेमकी तेव्हा बाहेर जात असशील. दुपारी आमच्याकडे तसंच दिसतं. घर रिकामं.

आई : मी? कुठे जाणार मी?

मुलगी : खाली बागेत. जातेस ना?

आई : अगं, यांना टाकून बागेत? तुझ्या मशीनला विचार, मला या जिन्यावर शेवटचं कधी बघितलं होतं ते.

मुलगी : बरं बाई, बघते. आजचा कार्यक्रम पार पडू दे, उद्या सगळं तपासते. आजचा दिवस मात्र माझ्यावर उपकार कर. पाहुणे वर येऊन घर बघणार आहेत. ही इस्त्री इथे दारात कशाला ठेवलीयस?

आई : त्यांची आहे.

मुलगी : बाबांची आहे ते मला कळत नाही का? तिच्या चटक्याची खूण आहे माझ्या कोपरावर. पण दारात का?

आई : दार आपोआप लागतं म्हणून. ते लागलं की खोली जास्तच तापते. तेवढं लोखंड मधे असलं की मिटत नाही.

मुलगी : आणि म्हणून आपले आकडे मधूनमधून बिघडत होते! आई, दार उघडं राहिलं की दोन खोल्यांचा हिशोब एक होतो गं. दे इकडे, कपाटात ठेवते.

आई : नको ठेवूस.

मुलगी : आई.

आई : शिलाई मशीन आणू दिलं नाहीस, मी काही बोलले नाही. घराला शोभत नाही म्हणालीस, कबूल. मामाच्या माळ्यावर धूळ खातंय बिचारं. सगळी हयात या माणसानं त्या मशीनवर पाय मारले. तुझी फी, तुझ्या परीक्षा, सगळं त्या पायातून निघालं. त्यातली ही एक इस्त्री राहिलीय, ती तरी डोळ्यांसमोर असू दे.

मुलगी : मग कपाटात नको, पलंगाखाली ठेवते. बाबांजवळच राहील. झालं? आता रुसू नकोस. आज तुझाही सत्कार आहे.

आई : माझा कशाला? मी काय केलं?

मुलगी : सगळ्या इमारतीत सगळ्यात कमी वीज आपल्या घराला लागलीय. सर म्हणाले, हे घर चालवणाऱ्या बाईंना स्टेजवर बोलवू या. तुला फुलं देणार आहेत.

आई : बघ की, घर रिकामं समजून बंद पडतंय आणि फुलं मला!

मुलगी : आई, प्लीज. सरांसमोर असं काही बोलू नकोस. सगळं आजच्यावर आहे. पाहुण्यांना आवडलं तर हीच रचना गावभर जाईल, आणि माझा प्रबंध मार्गी लागेल. नाही आवडलं तर प्रयोग बंद, आणि प्रयोग बंद झाला तर हे घरही सोडावं लागेल. मग बाबांना घेऊन कुठे जायचं आपण? परत त्या पत्र्याखाली?

आई : म्हणूनच तर गप्प बसले ना इतके दिवस. तुझं एवढं कौतुक चाललंय, त्यात मी कुठे रडगाणं लावू?

मुलगी : ऊठ मग. ती निळी साडी नेस.

आई : आणि यांच्यापाशी कोण?

मुलगी : हॉल इथेच तर आहे, तळमजल्यावर. तासाभराचा प्रश्न. बाबा झोपलेत, तू बसून तरी काय करणार?

आई : हात हलवणार.

मुलगी : आई!

आई : बरं, नाही बोलत. पण खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईला सांगू का येऊन बसायला? चांगली आहे बिचारी.

मुलगी : ती रात्रपाळी करून आलीय, आत्ता गाढ झोपली असेल. नको उठवूस. समोरच्यांचीही गडबड आहे, बाळाला नुकतं झोपवून ते दोघं कार्यक्रमाला उतरतायत. त्यांना नाही जमत का? बाळाचा आवाज ऐकू येतो फोनवर, तसा तुझ्याही फोनवर लावून देते. बाबांनी हूं केलं तरी ऐकू येईल.

आई : हूं करायला त्यांना येतं कुठे? आता आपलं एक पाऊल तेवढं राहिलंय त्यांच्या ताब्यात.

मुलगी : पाऊल? हलतं पाऊल?

आई : चादरीखाली. सांगितलं होतं मी तुला. तू येतेस रात्री, तेव्हा थकून पडलेले असतात. दिवसा चालू असतं त्यांचं काहीतरी.

मुलगी : झटके असतील ते. स्नायूंचे. उद्या डॉक्टरांना विचारू. चल ना गं, खाली सगळे खोळंबलेत.

आई : अहो, ऐकलंत का? आम्ही जरा खाली जाऊन येतो. तुमच्या लेकीचा सत्कार आहे. लगेच येते हं. ...बघ, पापणी हलवली.

मुलगी : दार लावून घेते.

(तळमजल्यावरचा हॉल. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर इमारतीतली घरं चौकोनांसारखी मांडलेली. काही पिवळी, काही हिरवी. सर माइकजवळ, मायलेकी पहिल्या रांगेत.)

सर : या काकू, या, इकडे मधोमध बसा. आजच्या उत्सवमूर्ती तुम्ही. मी मघाशी पाहुण्यांना म्हणालो, आम्ही प्राध्यापक मंडळी टिकाऊ शहर कसं असावं यावर कागद रंगवतो, या माउली मात्र ते रोज जगून दाखवतात.

आई : मी नुसती बसून असते हो.

सर : हाच तर विनय! बरं, आणि तू ऐकलंस का गं? तुझ्यासाठी एक गंमत करून ठेवलीय. आधी विचारून केली असती तर तू नको म्हणाली असतीस.

मुलगी : काय केलंत सर?

सर : तुमच्या घराला जी सुधारणा लावली होती ना, ती आज सकाळी मी सगळ्या इमारतीला लावली. एका घरावर किती दिवस चाचणी करत बसायचं? आकडे इतके सुंदर आहेत की माझा धीर सुटला.

मुलगी : सगळ्या घरांना? सर, अजून तपासायचं होतं थोडं. आईचं म्हणणं आहे की...

सर : काकूंचं म्हणणं आपण निवांत ऐकू. ते बघ पडद्याकडे. काल या वेळी निम्मा पडदा पिवळा होता. आज बघ कसं शेत पिकलंय.

आई : शेत पिकलं की पिवळं होतं ना हो? हे तर हिरवं आहे.

सर : वा! काकू, तुम्ही आम्हाला हरवणार. इथे उलटं आहे. पिवळं म्हणजे खर्च चालू, हिरवं म्हणजे घर स्वस्थ.

आई : स्वस्थ म्हणजे?

मुलगी : थांब आई, सुरू होतंय. नंतर सांगते.

सर : मंडळी, आता गमतीचा भाग. बचत कुठून आली? आमच्या या विद्यार्थिनीच्या तीक्ष्ण नजरेतून. यंत्राला हालचाल कळते, पण खरी हालचाल कुठली आणि फसवी कुठली, ते कळत नव्हतं. एका घरात दिवसभर कुणीतरी आहे असं ते धरून चालायचं. आमच्या हिनं पाहिलं, तर तिथे एकच बारीक हालचाल, तीच तीच, एका लयीत. माणूस असा हलतो का? माणूस उठतो, वळतो, खाजवतो. ही बहुधा झडपेपाशी लोंबणारी एखादी पट्टी, हवेनं फडफडणारी. आणि एका पट्टीपायी रिकाम्या खोलीला दिवसभर गारवा! हिनं यंत्राला शिकवलं, लयीतलं जे जे, ते धरायचं नाही.

आई : कुठली गं पट्टी? आपल्या घरात कुठे आहे पट्टी?

मुलगी : असेल आई वर कुठेतरी. झडपेच्या आत. मी काही शिडी लावून बघितलं नाही.

आई : म्हणजे तू बघितलं नाहीस?

मुलगी : आकड्यांत बघितलं. अगं, आलेखात इतकं स्पष्ट होतं... गप्प बस ना, सगळे बघतायत.

सर : आणि आता ऐका. आम्ही डिझाइनवाले, नुसत्या आलेखावर आमचं समाधान होत नाही. हिनं गाळून टाकलेल्या त्या हालचालीचा मी आवाज करून घेतला. आपल्या घरात किती निरर्थक गोष्टी ऊर्जा खात बसतात ते कानांनी ऐका. लावा रे.

आई : ...हे काय?

सर : ऐकताय ना? टक टक टक टक. मग थांबतं. परत टक टक टक. तासन्‌तास.

आई : मशीन कुठे चालू आहे गं?

मुलगी : कुठलं मशीन?

आई : शिलाईचं. नीट ऐक. सरळ शिवण घातली... आता कापड वळवलं... आता परत. हे कोण शिवतंय इथे?

मुलगी : आई.

आई : काय झालं? पांढरीफटक का पडलीस? अगं, लहानपणी तू याच आवाजाखाली झोपायचीस. बंद पडलं की जागी व्हायचीस.

मुलगी : आई, बाबा पाय कसा हलवतात? दाखव मला. हातानं दाखव.

आई : असा. टाच टेकलेली आणि चवडा खालीवर. मशीन मारतात तसा. मी म्हणते त्यांना, अहो, पुरे आता, कुणाचे कपडे द्यायचे राहिलेत?

मुलगी : सर, बंद करा. आवाज बंद करा तो!

सर : अगं, काय झालं? माइक चालू आहे.

मुलगी : ती पट्टी नाहीये सर. ते माझे बाबा आहेत.

सर : म्हणजे?

मुलगी : त्यांचं तेवढंच हलतं. एक पाऊल. आणि श्वास. दोन्ही लयीत. आणि लयीतलं धरायचं नाही असं मीच शिकवलंय त्याला. आलेख बघताना पलंगावरचे बाबा मला आठवलेच नाहीत. आमचं घर दाखवा, सर. वरच्या मजल्यावरचं, पश्चिमेचं.

सर : हे काय, हिरवं आहे. अगदी गडद हिरवं. म्हणजे...

आई : हिरवं म्हणजे काय, ते सांगा ना मला कुणीतरी.

मुलगी : म्हणजे घरात कोणी नाही, आई.

आई : पण हे आहेत ना घरात!

मुलगी : सर, आतलं तापमान?

सर : बघतो... हे चुकलं असेल.

मुलगी : किती आहे?

सर : काकू, तुम्ही जरा पाणी घ्या. तू इकडे ये.

मुलगी : तिच्यासमोर सांगा.

सर : काचेवरचा पडदा पूर्ण वर आहे. झडप बंद. टाकीचं पाणी तापतंय ते सगळं तुमच्याच खोलीतून... मंडळी, दोन मिनिटं. काही नाही, छोटी तांत्रिक अडचण आहे. बसून घ्या.

आई : मी जाते. सोड मला. लिफ्ट कुठल्या बाजूला आहे?

मुलगी : मी येतेय, आई. धावू नकोस, पडशील. सर, तुम्ही पडद्यापाशीच थांबा आणि फोन चालू ठेवा. तिथूनच झडप उघडा.

सर : उघडतोय. हे विचारतंय, रिकाम्या घरात हवा सोडायची का? हो म्हटलं. परत विचारतंय, घर रिकामं आहे, खात्री आहे का?

मुलगी : हो म्हणा! कितीदाही विचारू दे, हो म्हणा.

आई : बटण दाब ना गं. किती हळू चाललीय ही.

मुलगी : दाबलंय आई.

आई : खांदा दुखला असता तर दुखला असता. काय बिघडलं असतं माझं? फुलं घ्यायला आले मी. निळी साडी नेसून.

मुलगी : मी आणलं तुला.

आई : हो, तूच आणलंस. आणि दार लावलंस. मी म्हणत होते, नको ती इस्त्री काढूस, नको काढूस.

मुलगी : बोल मला. काहीही बोल. पण चावी दे आधी.

सर : ऐकतेयस का? ॲम्ब्युलन्सला फोन झालाय. निघालीय. मी तिसऱ्यांदा हो म्हटलं, पण आज्ञा घेत नाहीये. सुरक्षेसाठी लिहिलंय असं, माणूस आत आल्यावरच...

मुलगी : आलो आम्ही. दार उघडतेय.

आई : अगं आई गं. केवढी ही धग. अहो! अहो, आले मी, आले!

मुलगी : आई, बाजूला हो, पडदा ओढते. ओढला जात नाहीये हा. सर, पडदा!

सर : तुम्ही आत आल्याचं कळलंय त्याला. हवा सुरू झाली. पण हळूहळू वाढणार. एकदम झोत नको म्हणून तूच तसं...

मुलगी : मीच ठेवलंय, माहितीये मला. आई, बाबांचं तोंड पूस ओल्या फडक्यानं. मान वर धर.

आई : अंग नुसतं पेटलंय गं. ओठ बघ कसे झालेत. अहो, बघा ना माझ्याकडे. ही बघा कोण आलीय.

मुलगी : श्वास आहे का?

आई : कळत नाहीये.

मुलगी : हात ठेव छातीवर. आई, नीट बघ, श्वास आहे का?

आई : थांब... आहे. आहे गं. अगदी बारीक. पण हवा कुठे आहे त्यांना घ्यायला?

मुलगी : सरक तिकडून. पलंगाखालची इस्त्री काढतेय.

सर : काय करतेयस? हॅलो? ती काच साधी नाहीये, सबंध भिंतीची आहे, पुन्हा मिळणार नाही...

मुलगी : आई, बाबांच्या तोंडावर पदर धर. घट्ट धर.

सर : कसला आवाज झाला तो? हॅलो? कुणाला लागलं का?

आई : एकदा आणखी मार. भोक पडलंय, पण हवा नाही येत. मार!

सर : हॅलो?

आई : आली. आली गं वाऱ्याची झुळूक. बाहेरचा गरम वारा, पण वारा आहे. अहो, घ्या, हळूहळू घ्या.

मुलगी : बाबा. बाबा, मी आहे. चुकले मी. तुम्ही सारखे सांगत होतात आणि मी तुम्हाला खोडून टाकलं. ऐकताय ना?

आई : बोलू नकोस आता त्यांच्याशी. पायाकडे बघ.

मुलगी : काय?

आई : चादर काढ. बघ. चवडा बघ.

मुलगी : हलतोय.

आई : शिवतायत अजून.

सर : हॅलो? कुणीतरी बोला. आहेत ना ते? इथे सगळे उभे राहिलेत.

मुलगी : आहेत, सर. श्वास आहे, पाऊल हलतंय. पुढचं डॉक्टर सांगतील. सर, आमचं घर आता कसं दिसतंय पडद्यावर?

सर : पिवळं झालंय. हवा चालू आहे, सगळं व्यवस्थित आहे.

मुलगी : माणसं किती दाखवतंय?

सर : माणसं ना... थांब. दोन.

मुलगी : आम्ही तिघं आहोत.

सर : दोनच दाखवतंय.

आई : कुणाशी बोलतेयस? पाणी आण आधी.

मुलगी : आणते, आई. सर, ही सुधारणा तुम्ही सकाळी सगळीकडे लावलीत.

सर : हो... म्हणजे, सगळ्यांना आवडेल म्हणून.

मुलगी : झोपलेला माणूस लयीतच श्वास घेतो. खालच्या मजल्यावर नर्स रात्रपाळी करून झोपलीय. समोरच्यांचं बाळ एकटं आहे, दारं लावून. त्यांच्या फोनवर बाळाचा आवाज येतोय ना? विचारा त्यांना.

सर : ते समोरच बसलेत. म्हणतायत... म्हणतायत की, बराच वेळ झाला, अगदी शांत झोपलंय. पण इथे हिरवी घरं पुष्कळ आहेत गं. त्यातली खरीच रिकामी कुठली, ते आधी मोजून काढतो, म्हणजे...

मुलगी : मोजू नका, सर. दारं वाजवा.